दार बंद असेल तर उठवलं कोणी

चौथीचा वर्ग एका वेळी अख्खा गप्प बसलाय, असं मी फार क्वचित पाहिलं आहे. त्या सकाळी तो गप्प होता. दर दोन मुलांपुढे एक लॅपटॉप होता. नवा नव्हता. एका बंद पडलेल्या कंपनीच्या गोदामातून आलेला, कोपरे घासलेला, कुणाच्या तरी चहाचा डाग मिरवणारा. पण तोवर साऱ्या शाळेत मिळून एकच संगणक होता, आणि तोही ऑफिसात, मोठ्या बाईंच्या नजरेखाली.

"उघडा," मी म्हणालो.

झाकणं उघडली. पडदे उजळले. मुलांच्या गालांवर निळसर उजेड पडला, कुणीतरी हळूच "आई गं" म्हणालं, आणि तेवढ्यात पडदे काळे झाले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, एकामागून एक, फुंकर मारून दिवे विझवत जावं तसे.

"सर, आमचा झोपला."

"आमचा पण."

"सर, हा माझ्या बाबांसारखा आहे. उठतो, बघतो आणि परत झोपतो."

हे शेवटचं वटवटीचं. खरं नाव वेगळं आहे, पण तिच्या आईसकट सगळे तिला वटवटीच म्हणतात. वर्ग हसला. दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी निवृत्त झालो तरी त्यांनी मला विज्ञानाच्या तासाला येऊ दिलं, हा त्यांचा मोठेपणा. त्या कडक आहेत, पण उगाच नाहीत. पूर्वी एका भल्या माणसाने शाळेला पाणी शुद्ध करण्याचं यंत्र दिलं होतं. बिघडलं की तो स्वतः यायचा आणि दुरुस्त करायचा. मग त्याची बदली झाली. आता त्या यंत्रावर आम्ही छत्र्या वाळत घालतो.

"सर," बाई मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "गोदाम महिनाअखेरीला रिकामं होतंय. तोपर्यंत परत दिले तर ते लोक हे घेऊन जातील. नंतर मात्र हे आपल्या गळ्यात. मला अजून एक छत्र्यांचं यंत्र नकोय."

"मुंगीला बोलावतो," मी म्हणालो.

मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका खोलीतली वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचा तिला नाद होता, म्हणून मुंगी. आता ती मोठी झाली आहे आणि संगणकाच्या पोटातलं काम करते. हे लॅपटॉप तिनेच शोधले होते. "मामा, यंत्रं ठणठणीत आहेत, माझा शब्द," असं ती माझ्यासमोर बाईंना म्हणाली होती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, सगळ्यांना मोफत मिळणारी प्रणाली तिनेच त्यांच्यावर चढवली होती. म्हणजे पडदे काळे झाले ते तिच्या शब्दावर.

ती दुपारीच आली. शिक्षकांच्या खोलीत एक लॅपटॉप उघडून बसली. झाकण उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. बाईंचा चहा समोर निवत होता.

"यंत्र ठणठणीतच आहे," ती म्हणाली. "कर्नलला चुकीची माहिती मिळतेय."

"कर्नल? सैन्यातला?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. पण हुकूम त्याचाच चालतो."

मग तिने जे सांगितलं, ते मी पुढे मुलांना सांगितलं तसंच इथे सांगतो. एक घर कल्पा. घर बांधणाऱ्या कारखान्याने त्यात एक दारवान बसवून ठेवला आहे, अगदी भिंतीत. त्याचं नाव फर्मवेअर. नंतर तिथे घरमालक राहायला येतो. तो कर्नल, म्हणजे मुंगीने चढवलेल्या प्रणालीचा गाभा. कोणता दिवा लागेल, कोणी कधी बोलायचं, घर कधी झोपेल, सगळं तो ठरवतो. पण त्याला त्याच्या खोलीतून दार दिसत नाही. लॅपटॉपचं झाकण हेच ते दार. ते उघडं आहे की बंद, हे त्याला दारवानालाच विचारावं लागतं. दार बंद असेल तर घर झोपवायचं, असा नियम.

"आणि या घरातला दारवान," मुंगी म्हणाली, "दार सताड उघडं असताना बंद आहे म्हणतो. घरमालक बिचारा विश्वास ठेवतो आणि दिवे मालवून झोपतो."

"मग दारवान बदला."

"ज्या कारखान्याने बसवला तो कारखानाच राहिला नाही, बाई. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि हा तर मरतही नाही. घरमालकालाच शिकवावं लागतं, की बाबा, या घरातला दारवान असा आहे, जरा सांभाळून घे. कर्नल लिहिणाऱ्यांचं निम्मं आयुष्य यातच जातं. एखादी बॅटरी पोट भरलेलं असून उपाशी म्हणते. एखादा पंखा बंद असून फिरतोय म्हणतो. अशा खोडींचे कर्नलमध्ये लांबच लांब तक्ते असतात. अमुक नावाचं यंत्र दिसलं की तमुक गोष्टीवर विश्वास ठेवू नकोस."

"म्हणजे सुनेला सासरच्या माणसांची ओळख करून देतात तसं," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा चहाचा घोट घेतला.

सोपा उपाय मुंगीने आधी करून पाहिला. दाराकडे लक्षच देऊ नकोस, असं घरमालकाला सांगून टाकलं. पडदे काळे व्हायचे थांबले. पण झाकणं मिटून लॅपटॉप कपाटात ठेवले तरी ते जागेच राहिले. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर तव्याजवळ हात नेल्यासारखी धग आली.

"वर्ग उजळायचाय मला, पेटवायचा नाही," बाई म्हणाल्या. "आणि अजून एक. तू येऊन हाताने काही करून गेलीस तर ते मला नको. सगळ्यांच्या यंत्रांना जशी सुधारणा आपोआप येते, तशी आली पाहिजे. तू उद्या परदेशी गेलीस तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

बाई कठोर बोलल्या, पण बरोबर बोलल्या. मुंगीनेही ते मान्य केलं. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या सुधारणेबरोबर पुसली जाते. खरा इलाज मूळ कर्नलमध्ये जायला हवा होता, आणि तोही महिनाअखेरीच्या आत.

मूळ कर्नलमध्ये काही घालणं म्हणजे आपल्या घरात खिळा ठोकणं नव्हे. त्याच्या प्रत्येक भागाला एक राखणदार असतो. आपण लिहिलेला बदल त्याला सगळ्यांसमक्ष पाठवायचा, तो सगळ्यांसमक्ष उलटतपासणी घेतो, आणि पटलं तर घेतो. झोपण्या-उठण्याच्या भागाचा राखणदार कुठल्या तरी लांबच्या देशातला गृहस्थ होता. मुंगी त्यांना सासूबाई म्हणायची.

"मामा, मीठ कमी पडलंय असं हे कधी म्हणत नाहीत. मीठ का घातलं, असं विचारतात."

तिने तक्त्यात एका ओळीची भर घातली. या नावाचं यंत्र असेल तर दारवानाला प्रश्न विचारूच नकोस. दार उघडं आहे असं धरून चाल. दार मिटलं की तो स्वतःहून हाक मारतो, ती हाक तेवढी खरी मान. आमच्या लॅपटॉपांवर हे झकास चाललं. झाकण मिटलं की झोप, उघडलं की जाग. सासूबाईंचं उत्तर आलं: "ठीक." मुंगी आनंदाने उठली आणि डोकं माझ्या पुस्तकांच्या फळीवर आपटलं.

बदल आधी चाचणीच्या शाखेत जातो. जगात काही हौशी लोक अशी कच्ची प्रणाली मुद्दाम आपल्या यंत्रावर चालवतात, दुसऱ्याच्या आधी ठेच लागावी म्हणून. त्यांतल्याच एकाचा निरोप आला. मुंगीने तो मला वाचून दाखवला.

"मी पियानोचे सूर लावतो. गावोगाव जातो. लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला होता. तो झोपला नाही. पिशवीत तापून लाकूड चिकटवायची सरस वितळली. तुमचा बदल काढल्यावर तो पुन्हा शहाण्यासारखा झोपतो. मी रागावलेलो नाही. पण ती पिशवी माझ्या बायकोने दिलेली आहे."

"पण त्याचा लॅपटॉप आपल्यासारखा आहे का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. कारखाना वेगळा, बांधणी वेगळी. त्याचा दारवान आपल्याच्या अगदी उलट, अबोल. स्वतःहून हाक मारत नाही, पण विचारलं तर खरं सांगतो. आणि मी तर विचारायचंच बंद केलं."

"मग तुझी ओळ त्याला कशी लागू पडली?"

मुंगीने ती ओळ पडद्यावर उघडली. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. यंत्रात एक खण असतो, त्यात कारखान्याने यंत्राचं नाव लिहायचं असतं. तिने एक छोटं हत्यार बनवलं होतं. ते या खणातलं नाव उचलायचं आणि तक्त्याची ओळ आपणच लिहून द्यायचं. त्याने चोख काम केलं होतं. आमच्या लॅपटॉपच्या खणात जे होतं, तेच उचललं होतं. तिथे लिहिलं होतं, "येथे यंत्राचे नाव भरावे."

कारखान्याने कोरा खण तसाच सोडला होता. पियानोवाल्याच्या यंत्राच्या कारखान्यानेही. आणि जगातल्या आणखी कितीतरी आळशी कारखान्यांनीही.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"मामा."

"अगं, एक यंत्र ओळखायला गेलीस आणि अर्ध्या जगाची ओळख काढलीस."

"मी ती ओळ वाचलीसुद्धा नाही," ती म्हणाली. "हत्याराने लिहिली, मी पाठवली. शाळेत तू मला उत्तर ताडून बघ म्हणायचास."

सासूबाईंचं पत्र तासाभरात आलं. बदल मागे घेतला होता. पुढे लिहिलं होतं: "ते नाव माझ्याही डोळ्यांखालून गेलं आणि मलाही दिसलं नाही, तेव्हा दोष दोघांचा. पण आता मला तक्त्यात नवी ओळ नको. तुमचं फर्मवेअर कधी खोटं बोलतं आणि कधी खरं, ते आधी शोधा. रविवारी नवे बदल घेण्याच्या या फेरीचं दार बंद होईल."

रविवार चुकला असता तर पुढची फेरी महिनाअखेरीच्या पलीकडे जाणार होती. मुंगीने यंत्रातले बाकीचे खण धुंडाळले. कुठे अनुक्रमांक हवा तिथे शून्यं, कुठे तारखेच्या जागी रेघ. ज्याला ना नाव ना गाव, त्याला हाक तरी कशी मारणार? ती दोन दिवस जेवायला बसली तरी ताटात रेघोट्या ओढत होती. माझ्या बहिणीने मला फोन करून सांगितलं, "दादा, तिला तुझ्या शाळेत घेऊन जा. घरात माणसं उरली नाहीत, नुसते दारवान झालेत."

मला तर मुलांना उत्तर द्यायचंच होतं. लॅपटॉप कधी उठणार, असं ती रोज विचारत होती. मुलांना समजत नाही असं काही नसतं, आपल्याला सोपं करून सांगता येत नाही एवढंच. म्हणून मी खेळ मांडला.

वर्गाचं दार हेच लॅपटॉपचं झाकण. टिल्लू हा दारवान. तो वर्गातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात प्रामाणिक. त्याला फळ्याकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, कोणी काहीही विचारलं तरी तू "बंद" म्हण. वटवटीने दार उघडायचं आणि धावत जाऊन घरमालकाला जागं करायचं. घरमालक म्हणून मी मुंगीला माझ्या टेबलावर डोकं टेकून झोपायला लावलं. ती नाइलाजाने झोपली.

वटवटीने दार उघडलं, धावत आली आणि मुंगीला गदागदा हलवलं. मुंगी उठली.

"दारवान, दार उघडं की बंद?"

"बंद," फळ्याकडे बघत टिल्लू म्हणाला.

मुंगी झोपली. वर्ग खिदळला. वटवटीने दार लावलं, उघडलं, पुन्हा धावत आली. पुन्हा गदागदा. पुन्हा "बंद". वटवटीला चेव चढला होता. पुढच्या वेळी तिने मुंगीची वेणीच ओढली.

"दार उघडं की बंद?"

"बंद."

"अरे, बंद आहे तर मग मला उठवलं कोणी?" मुंगी वैतागून म्हणाली.

सगळा वर्ग हसायला लागला. टिल्लूही हसला. मुंगी मात्र हसली नाही. अर्धवट उठलेली, एक हात वेणीवर, ती तशीच थांबली.

"मामा," ती म्हणाली. "उठवलं कोणी, हे कर्नलला कळतं."

"म्हणजे?"

"जाग कशाने आली याची खूण यंत्रात राहते. कळफलकाने, घड्याळाने की झाकणाने. आपल्या लॅपटॉपला झाकण उघडल्यामुळे जाग येते. मग झाकण बंद आहे हे उत्तर खरं असूच शकत नाही. त्यासाठी यंत्राचं नाव कशाला लागतंय?"

मग ती टिल्लूकडे वळली. "दारवान, आता सांग. दार उघडं की बंद?"

टिल्लूने मान वळवून दाराकडे पाहिलं. "उघडं."

"टिल्ल्या, तुला बंद म्हणायचं होतं," वटवटी ओरडली.

"आता बघितलं ना मी," टिल्लू म्हणाला. "बघून कसं खोटं बोलू?"

मुंगीने पुढच्या बाकावरचा लॅपटॉप ओढून घेतला आणि तिथेच, मुलांच्या गराड्यात, काहीतरी लिहिलं. मग झाकण मिटलं, उघडलं. यंत्राने उठल्या उठल्या झाकणाचं उत्तर नोंदवलं: बंद. मग डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ थांबून तिने पुन्हा विचारायला लावलं होतं. उत्तर आलं: उघडं.

"हा खोटारडा नाहीये," ती मुलांना म्हणाली. "घराबरोबर हाही झोपलेला असतो. घरमालक जागा होतो तेव्हा हाही नुकताच उठलेला असतो, आणि डोळे चोळत चोळत झोपायच्या आधीचं उत्तर देतो. जरा थांबलं तर बघून सांगतो."

"मग त्याला आधी तोंड धुवायला द्यायचं," वटवटी म्हणाली.

"तेच करणार आहे."

नवा बदल तिने त्याच खोलीत बसून लिहिला. त्यात कोणाचंच नाव नव्हतं. झाकण उघडल्यामुळे जाग आली असेल आणि तरी फर्मवेअर झाकण बंद म्हणत असेल, तर झोपू नकोस. थोडा थांब, पुन्हा विचार. बस, एवढंच. पियानोवाल्याचा अबोल दारवान यात कुठेच अडकत नव्हता. तो पहिल्याच फटक्यात खरं सांगत होता.

मग तिने ते जुने तक्ते वाचायला घेतले, या वेळी ओळ न् ओळ. कोणी कधी तरी नाव घालून नोंदवलेली कितीतरी यंत्रं नेमकी याच खोडीची निघाली. प्रत्येकाने आपापल्या घरच्या दारवानाची तक्रार लिहून ठेवली होती, आणि तक्रार एकच होती. नव्या नियमाने त्या ओळींची गरजच संपत होती. तिने त्या खोडून टाकल्या आणि त्या यंत्रांच्या मालकांना शोधून, नवा बदल चालवून बघा म्हणून पत्रं धाडली. आणि पियानोवाल्यालाही.

त्याचंच उत्तर सगळ्यांत आधी आलं. "पिशवी थंड. सरस घट्ट. घरात शांतता."

शाळेतली तपासणी चौथीने अंगावर घेतली. मधल्या सुट्टीत डबे बाजूला राहिले आणि झाकणांचा टकटकाट सुरू झाला. उघडा, मिटा, उघडा. सगळे उठत होते, जागे राहत होते, मिटले की झोपत होते. आणि शेवटच्या बाकावरचा एक उठला आणि काळा झाला.

वर्ग थंड पडला. मुंगीने पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा काळा. शनिवार होता. तिच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

"यंत्र राहू दे," मी म्हणालो, "आधी बाक बघू."

बाकावर लॅपटॉपला खेटून एक कंपासपेटी होती. नव्या पद्धतीची, झाकण टपकन बसणारी. मी ती उचलली आणि दूर ठेवली. लॅपटॉप उठला आणि जागा राहिला. पेटी जवळ आणली, झोपला.

आता मला गप्प बसवणं कोणालाच शक्य नव्हतं. लॅपटॉपच्या झाकणात एक बारकं लोहचुंबक असतं, ते जवळ आलं की दारवानाला कळतं झाकण मिटलं. कंपासपेटीतही चुंबक होतं. दारवान बिचारा या वेळी जे दिसलं तेच सांगत होता. मी पिना, टाचण्या, खोक्यातला लोखंडाचा कीस, सगळं काढलं आणि सुट्टी संपल्याची घंटा कोणाला ऐकूच आली नाही.

"म्हणजे या वेळी तो खरं बोलला आणि आपणच त्याला चोर म्हणालो," टिल्लू म्हणाला. दारवानाची बाजू घेणं हे त्याचं कामच झालं होतं.

बदल सासूबाईंकडे गेला. तपासणाऱ्यांची नोंद करायची त्या लोकांची पद्धत आहे. ज्याने आपल्या यंत्रावर चालवून पाहिलं, त्याचा उल्लेख त्या बदलाबरोबर कायमचा राहतो. मुंगीने पियानोवाल्याच्या खाली लिहिलं: एका शाळेची चौथी इयत्ता.

सासूबाईंचा पहिला प्रश्न आला. जे लोक झाकण मिटून, बाहेरचा मोठा पडदा जोडून काम करतात, त्यांचं काय? मुंगीने उत्तर दिलं, त्यांना जाग कळफलकाने येते, झाकणाने नाही, म्हणून हा नियम त्यांच्या वाटेलाही जात नाही. दुसरा प्रश्न: पुन्हा विचारण्याआधी किती थांबायचं ते कशावरून ठरवलं? तिने सगळी मोजमापं पाठवली. तिसरा प्रश्न: "चौथी इयत्ता म्हणजे कोण? त्यांनी खरोखर तपासलं का?"

मुंगीने कंपासपेटीची हकीकत जशीच्या तशी लिहून पाठवली.

मग काहीच येईना. रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली, पोहे नकोत, चहा नको, म्हणत खिडकीत बसली. माझी बहीण तिच्यामागोमाग आली आणि न विचारता दोन्ही करायला लागली. ऊन खिडकीच्या कठड्यावरून खाली उतरलं तेव्हा पत्र आलं. मुंगीने ते आधी मनात वाचलं. मग मोठ्याने.

"घेतलं. या बदलाने जेवढ्या ओळी आणल्या त्यापेक्षा जास्त ओळी नेल्या. माझ्याकडे असं फारसं येत नाही. चुंबकापर्यंत पोचणारे तपासनीसही येत नाहीत. चौथीची ओळ राहू दे. धन्यवाद."

"धन्यवाद म्हणाल्या सासूबाई," मुंगी म्हणाली. "मामा, लोक वर्षानुवर्षं काम करतात, त्यांना नुसतं 'ठीक' मिळतं."

"जेव आता," तिची आई म्हणाली. पण डिश पुढे करताना तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, जिथे फळी लागली होती बरोबर तिथे.

चाचणीच्या शाखेत या वेळी कोणाची सरस वितळली नाही. बदल मूळ कर्नलमध्ये गेला, तिथून नेहमीच्या सुधारणांच्या वाटेने निघाला, आणि महिना संपायच्या आत एका सकाळी आमच्या शाळेतल्या लॅपटॉपांवर सूचना झळकली: नवी सुधारणा आली आहे. घ्यायची का?

बाईंच्या अटीप्रमाणे मुंगी लांब उभी होती. तिने हात पाठीमागे बांधले होते, आणि ते तिथेच राहावेत म्हणून एका हाताने दुसरा धरून ठेवला होता. प्रत्येक लॅपटॉपवर "घ्या" हे बटण बाईंनी स्वतः दाबलं. यंत्रं बंद होऊन पुन्हा सुरू झाली. बाईंनी सगळी झाकणं मिटायला लावली. वर्ग चिडीचूप. कंपासपेट्या मी आधीच दप्तरात घालायला लावल्या होत्या.

"उघडा," बाई म्हणाल्या.

पडदे उजळले. कोणी हललं नाही. सगळे त्या क्षणाची वाट बघत होते, ज्या क्षणी दर वेळी काळोख व्हायचा. टिल्लू सवयीने म्हणाला, "झोप…" आणि तिथेच थांबला. पडदा उजळलेलाच होता. शेजारचाही. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत निळसर उजेड तसाच टिकून होता, आणि त्या उजेडात मुलांचे चेहरे एकेक करून हसायला लागले. मग जो गलका झाला, तो बाईंनी पहिल्यांदाच थांबवला नाही.

"हात सोड आता," त्या मुंगीला म्हणाल्या. "निळे पडतील."

पण बाई त्या बाईच. त्यांनी त्या दिवशी गोदामाला फोन केला नाही. शाळा सुटताना लॅपटॉप मिटून कपाटात ठेवायला लावले, किल्ली स्वतःकडे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी कपाट उघडून एकेका झाकणावर तळहात ठेवला, आई मुलाचा ताप बघते तसा. सगळी झाकणं थंड होती. मगच त्या ऑफिसात गेल्या. दार उघडं होतं, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"गाडी पाठवू नका. इथे कोणी काही परत देत नाहीये."

मुंगी त्या वेळी वर्गात होती. तिने एका लॅपटॉपवर कर्नलमधली ती नोंद मुलांना काढून दाखवली. वर दोनचार ओळींचं वर्णन, खाली तिचं नाव, त्याखाली पियानोवाला, आणि त्याखाली चौथी इयत्ता. मुलं डोळे बारीक करून बघत होती.

"ताई, हे या लॅपटॉपच्या आत आहे?" वटवटीने विचारलं.

"बदल याच्या आत आहे. ही नोंद कर्नलच्या इतिहासात आहे. जगात कुठेही कोणी हा बदल उघडून बघितला की त्याला तुम्ही दिसणार."

"कायमचं?"

"कायमचं."

वटवटी गप्प बसली. तिच्या आईने हे पाहायला हवं होतं. टिल्लू मात्र अजून नोंद वाचत होता, एकेका अक्षरावर बोट ठेवत.

"ताई, मी दारवान होतो, ते नाही लिहिलं."

मुंगी त्याच्या शेजारी वाकली. "लिहिलं असतं तर सासूबाईंनी विचारलं असतं, की त्याने बंद म्हणायचं ठरलं असताना उघडं का सांगितलं."

"सांगा ना त्यांना," टिल्लू म्हणाला. "मी बघितलं होतं."

मी खडू उचलला. दर दोन मुलांपुढे एक पडदा उजळलेला होता आणि तास संपायला अजून बराच वेळ होता.